केवळ वेग पाहून विमान निवडू नये

मा. संपादक, स. न. वि. वि.

घरी विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींविषयी आपल्या दैनिकात आलेला लेख आस्थेने वाचला. त्यात निरनिराळ्या विमानांचे कमाल वेग आणि छायाचित्रे आहेत. परंतु हे काम हाती घेऊ पाहणाऱ्याला विमान ज्या गोष्टींवरून निवडावे लागते, त्यांपैकी बहुतेक त्यात आलेल्या नाहीत, म्हणून हे पत्र.

विमान किती वेगाने उडते याआधी ते कशाचे बनते हे विचारावे, कारण फावल्या वेळात काम करणाऱ्याची कित्येक वर्षे त्याच साहित्याच्या सहवासात जाणार असतात. अमेरिकी विमानरचनाकार बर्ट रुटान यांनी १९७०च्या दशकापासून ‘व्हॅरीईझी’ आणि ‘लाँग-ईझी’ या विमानांतून, साचा न वापरता फोम आणि फायबरग्लासपासून विमान घडवण्याची रीत लोकप्रिय केली. मी आणि माझ्या एका मित्राने याच रीतीच्या विमानापासून सुरुवात केली. दीड वर्षाने त्याच्या हातांवर आणि चेहऱ्यावर पुरळ उठू लागले. फायबरग्लासचे थर जोडणाऱ्या एपॉक्सी या चिकट रासायनिक द्रव्याची ॲलर्जी एकदा जडली की सहसा पाठ सोडत नाही. पुढे अगदी थोडा संपर्कही सोसत नाही. त्याला काम थांबवावे लागले आणि अर्धवट पंख तसाच पडून राहिला. विमान निवडताना आम्ही त्याच्या देखणेपणावर भाळलो होतो, एपॉक्सी मात्र एकदाही हाताळून पाहिले नव्हते, याची खंत मला आजही आहे.

त्यानंतर मी ॲल्युमिनियमकडे वळलो. तेथेही एक भेद आधीच कळायला हवा. पत्रे जोडणारे भरीव रिव्हेट, म्हणजे धातूच्या खिळ्या, ठोकताना पुष्कळदा पलीकडून आधार धरायला दुसरे माणूस लागते. ख्रिस हाइन्ट्झ यांच्या ‘झेनिथ’ विमानांत वापरले जाणारे ओढून बसवायचे रिव्हेट एकट्याला बसवता येतात. १९२९च्या ‘पिटेनपोल’सारख्या लाकडी विमानाला सुतारकामाची आवड हवी, तर पोलादी नळ्यांच्या सांगाड्याला वेल्डिंगचा सराव. संपूर्ण किट मागवण्यापूर्वी त्याच साहित्याचा एखादा लहान भाग बनवून पाहावा, असे मी कळकळीने सांगेन.

वेगाचाच आकडा पाहायचा, तर कमाल वेगापेक्षा स्टॉलचा वेग पाहावा, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत तो वेग. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे इंजिन बंद पडून शेतात उतरण्याची वेळ आली, तर ताशी ८० किलोमीटरऐवजी १०० किलोमीटर वेगाने टेकणाऱ्या त्याच वजनाच्या विमानात दीडपटीहून अधिक ऊर्जा जिरवावी लागते. नवख्या चालकाने हा हिशेब आधी करावा.

आराखड्याचा इतिहासही तपासावा, मात्र केवळ लोकप्रियतेवर विसंबू नये. आंरी मिन्ये यांचे ‘पू-द्यु-सिएल’ हे छोटे विमान १९३०च्या दशकात असंख्य लोकांनी उत्साहाने बांधायला घेतले. पुढच्या आणि मागच्या पंखांच्या परस्परपरिणामामुळे ते सूर मारे आणि चालकाला वर काढता येत नसे. जीवघेणे अपघात झाल्यावरच पवनबोगद्यातील, म्हणजे जोराचा वारा सोडून केलेल्या, चाचण्यांनी हा दोष उघड केला. याउलट रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या ‘आरव्ही’ मालिकेतील दहा हजारांहून अधिक विमाने प्रत्यक्ष उडाली असल्याने त्यांच्या अडचणी आणि उपाय दोन्ही नोंदलेले आहेत. नवा, अनोखा आराखडा मोहक वाटतो, हे मी जाणतो. तरीही पहिल्यांदा बांधणाऱ्याने तो निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शक्य असेल तेथे त्याच आराखड्याच्या पूर्ण झालेल्या विमानात बसून, गुडघे, खांदे आणि डोक्यावरची जागा पाहून मगच निर्णय घ्यावा.

या विषयावर पुन्हा लेख छापाल, तेव्हा प्रत्येक विमानाच्या कमाल वेगाशेजारी त्याचा स्टॉलचा वेग, बांधणीचे साहित्य आणि बांधायला लागणारे अंदाजे तास एवढे तीन तपशील अवश्य द्यावेत, ही नम्र विनंती.

आपला,
एक वाचक