अळंबीविषयीची सूचना मराठीतही हवी

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर उजाडला की जर्मनीतील मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर परड्यांचे फोटो येऊ लागतात. जंगलातून आणलेल्या अळंब्या ओट्यावर मांडलेल्या असतात आणि खाली एकच प्रश्न असतो : ‘या खायच्या आहेत ना?’ उत्तरेही मिनिटभरात येतात आणि ती बहुधा वरून काढलेल्या एकाच फोटोवर बेतलेली असतात. म्युनिकच्या पूर्वेकडील एबर्सबर्गच्या जंगलात, जिथे मुख्यतः स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाचीच झाडे आहेत, मी बरीच वर्षे शरदात अळंबी गोळा करतो. हे फोटो पाहिले की माझी झोप उडते, म्हणून हे पत्र. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले आज शिक्षणानिमित्त या देशात आहेत.

माझी आजी कोकणातली. वारुळावर उगवणारी, मुळासारखा लांब देठ जमिनीत खोल रुतलेली अळंबी तिला लांबूनही ओळखू येत असे, कारण ती कोणत्या वारुळावर आणि पावसाच्या कोणत्या दिवसांत येते हे तिला ठाऊक होते. तिची ओळख जितकी अळंबीशी होती, तितकीच त्या जागेशीही होती. जागा बदलली की त्या ज्ञानाचा आधार तुटतो, ही गोष्ट आपल्या लोकांच्या लवकर ध्यानात येत नाही. उलट ‘आम्ही लहानपणापासून अळंबी खात आलो आहोत’ या भरवशावरच ते परडी घेऊन निघतात.

पहिल्या वर्षी माझेही तेच झाले. शेवाळातून डोकावणाऱ्या पिवळ्या-केशरी छत्र्या दिसल्या आणि त्या सगळ्या पिफरलिंग, म्हणजे इथली आवडीने खाल्ली जाणारी पिवळी अळंबी, आहेत असे मी धरून चाललो. सुदैवाने इथे अळंबी तपासून देणारे प्रशिक्षित जाणकार असतात. माझी परडी ज्यांनी पाहिली, त्या गृहस्थांनी निम्मा माल बाजूला काढला. खऱ्या पिफरलिंगच्या टोपीखाली सुट्या पात्या नसतात, तर अंगातूनच उठलेल्या, देठावर उतरत गेलेल्या बोथट कडा असतात. आतला गर फिका असतो आणि वासात जर्दाळूची छटा असते. माझ्या परडीतल्या नकली पिफरलिंगला मात्र पातळ, दाट, वारंवार दुभंगलेल्या गडद केशरी पात्या होत्या. तिथेच त्यांनी माझा ‘श्टाइनपिल्झ’ (जाड देठाची, खाण्याजोगी अळंबी) ही नाकारला. श्टाइनपिल्झच्या देठावर फिकट जाळी असते. माझ्या देठावरची जाळी गडद तपकिरी होती आणि टोपीखालचा स्पंजासारखा थर गुलाबी पडू लागला होता. ती कडू गालेनरोहलिंग होती. तिने जीव जात नाही, पण एक जरी पातेल्यात पडली तरी सगळी भाजी फेकून द्यावी लागते.

या चुका पोटावर निभावतात, सगळ्याच निभावत नाहीत. जिच्या विषाने यकृत निकामी होते, ती हिरवट क्नॉलेनब्लेटरपिल्झ प्रामुख्याने ओक आणि बीच या रुंद पानांच्या झाडांखाली येते, म्हणून सूचिपर्णी जंगलात धोका नाही असे काही जण छातीठोकपणे सांगतात. ते खरे नाही. तिची पांढरीशुभ्र, टोकदार टोपीची बहीण आम्लधर्मी मातीतल्या स्प्रूसच्या जंगलातच वाढते. सूचिपर्णी झाडांच्या कुजक्या ओंडक्यांवर उगवणाऱ्या लहानशा तपकिरी गिफ्टहॉयब्लिंगमध्येही त्याच जातीचे विष असते आणि लोक जिचे सूप करतात त्या श्टॉकश्वेम्शेनशी तिचे साम्य भल्याभल्यांना चकवते. हे विष शिजवून जात नाही. त्रास सुरू व्हायला सहा ते बारा तास, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. मग उलट्या-जुलाब होतात, मध्ये एखादा दिवस बरे वाटते आणि त्या काळात यकृताची हानी चालूच असते.

भारतीयांना यात एक खास धोका आहे. आपल्याकडे भाताच्या पेंढ्यावर घेतली जाणारी अळंबी कोवळेपणी पिशवीसारख्या आवरणात असते आणि क्नॉलेनब्लेटरपिल्झही तशाच आवरणातून बाहेर येते. पेंढ्यावरच्या अळंबीला देठावर कडे नसते आणि तिच्या बीजाणूंचा (टोपी कागदावर ठेवल्यावर पडणारा) ठसा गुलाबी येतो; विषारीला कडे असते आणि ठसा पांढरा येतो. पण सुरीने वरून कापून घेतली तर बुडाची पिशवी मातीतच राहते आणि ओळखण्याची सर्वांत महत्त्वाची खूण हरवते. अनोळखी अळंबी हलकेच फिरवून बुडासकट काढावी, असे इथले जाणकार सांगतात ते यासाठीच. फोटोवरून उत्तर देणाऱ्या माणसाला किंवा मोबाइलमधल्या ॲपला ना हे बूड दिसते, ना वास येतो, ना शेजारचे झाड दिसते.

‘मागच्या वर्षी खाल्ली, काही झाले नाही’ हा युक्तिवादही वारंवार ऐकू येतो. स्प्रूस आणि बर्चखाली मुबलक उगवणारी, कडा आत वळलेली तपकिरी क्रेम्पलिंग युरोपात एकेकाळी सर्रास खाल्ली जाई. ती पुन्हा पुन्हा खाल्ल्यावर काहींचे शरीर स्वतःच्याच रक्तपेशी फोडू लागते. युलियुस शेफर हे जर्मन अळंबीतज्ज्ञ १९४४ साली हीच अळंबी खाऊन वारले. त्यांना तिची ओळख नव्हती असे कोण म्हणेल? विषारी अळंबीने चांदीचा चमचा काळा पडतो, कांदा निळा होतो, या समजुतींवर तर मुळीच विसंबू नये.

२०१५ च्या शरदात जर्मनीत नव्याने आलेल्या अनेक निर्वासितांना क्नॉलेनब्लेटरपिल्झची विषबाधा झाली. त्यानंतर हॅनोव्हरच्या वैद्यकीय विद्यापीठाने अरबीसह अनेक भाषांत सचित्र फलक काढले. मराठीतही असे काही हवे, एवढीच माझी विनंती आहे. आपल्या पुरवणीत परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी मजकूर येतो, तिथे ऑगस्टअखेरीस एक छोटी चौकट द्यावी : तपासून घेतल्याशिवाय एकही अळंबी शिजवू नये, खाल्ल्यानंतर कितीही तासांनी त्रास झाला तरी उतार पडण्याची वाट न पाहता ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करून अळंबी खाल्ल्याचे सांगावे, आणि उरलेली भाजी, साफ करताना काढलेल्या साली, शक्य तर उलटीसुद्धा डब्यात घालून सोबत न्यावी, कारण रुग्णालयात कोणती अळंबी पोटात गेली ते त्यावरूनच ठरवतात. चौकटीचा मजकूर आणि मी स्वतः काढलेली, बुडासकट अळंबी दाखवणारी छायाचित्रे पाठवायला मी तयार आहे.

आपला,
एक वाचक, म्युनिक