निडवा पाहिल्याशिवाय उसाच्या वाणाची शिफारस करू नका

मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

बेणे, मशागत आणि लावणीचा मोठा खर्च लागणीच्या वर्षीच होतो. लागण तोडल्यावर त्याच बुडख्यातून पुन्हा फुटते ते पीक खोडवा, आणि खोडवा तोडल्यावर फुटते ते निडवा. शेतकऱ्याला खरा पैसा सुटतो तो खोडव्यात आणि निडव्यात. तरीही ऊस संशोधनाच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाच्या प्रगत चाचणीत वाण पारखला जातो तो दोन लागणी आणि एका खोडव्यावर. निडवा त्यात नाहीच. संकरापासून शिफारशीपर्यंत दहा-बारा वर्षे जातात. आणखी एक तोडणी पाहून मगच शिफारस करावी, एवढी आमची पहिली मागणी आहे.

पाहायचे काय, तेही ठरले पाहिजे. खोडवा फुटतो तो बुडख्याच्या जमिनीखालच्या डोळ्यांतून, आणि नव्या कोंबाला स्वतःच्या मुळ्या लवकर सुटल्या तरच तो टिकतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तोडणी झाली की हे डोळे दबून राहतात. वाणावाणातला फरक तिथेच उघडा पडतो, म्हणून चाचणीचे काही वाफे मुद्दाम थंडीत तोडावेत. दीड महिन्यांनी जिवंत बेटे आणि दोन फुटांहून मोठ्या नांग्या, म्हणजे ओळीतल्या रिकाम्या जागा, मोजाव्यात. चार महिन्यांनी फुटवे मोजावेत आणि तोडणीला गाळपालायक उसांची संख्या व एका उसाचे वजन घ्यावे. नुसत्या फुटव्यांवर भुलू नये. भरमसाट फुटून बारीक राहणारे वाण आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. आणि चाचणीत नांग्या भरू नयेत, कारण भरल्या की वाणाचा दोष झाकला जातो.

गवताळ वाढ आणि काणी हे रोग बेण्यातून येतात आणि खोडव्यात वाढतात. बेणे रोगट असेल तर चांगला वाणही नापास होतो. म्हणून चाचणीच्या बेण्याला ५४ अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त उष्ण हवेची अडीच तासांची प्रक्रिया सक्तीची करावी.

संकराचे बीज मुख्यतः कोइमतूरच्या राष्ट्रीय संकरण उद्यानातून येते. तिथे संकर मागवताना पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने आई-बाप खोडव्याच्या नोंदी पाहून निवडावेत. १९१८ चा को २०५ हा वाण जाड उसाचा रानटी उसाशी संकर करून निघाला. फुटव्याची आणि खोडव्याची ताकद या रानटी रक्तातून येते. त्या वर्गातले नवे जनक वापरायला वेगळा निधी द्या.

को ८६०३२ हा वाण अजून टिकून आहे, कारण त्याचा उतारा, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण, आणि खोडवा दोन्ही चांगले आहेत. पण एकाच वाणावर विसंबणे धोक्याचे असते. उत्तर प्रदेशात को ०२३८ ने बहुतेक क्षेत्र व्यापले आणि लाल कुज या रोगाने तो कोलमडला. फुले २६५ क्षारपड जमिनीतही तग धरतो, खोडवाही चांगला देतो. तरी कमी उताऱ्याच्या कारणाने काही कारखाने गाळपासाठी त्याची नोंद घ्यायला कचरत आले. शिफारस झालेल्या वाणाची नोंद नाकारता येणार नाही, असा आदेश येत्या लागण हंगामाआधी काढावा.

आपले,
ऊस पैदास आणि बेणेमळ्यांच्या कामातील कार्यकर्ते