नायट्रोजनचा कॅन घेऊन आलेल्या अण्णांना

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

नाव छापू नको म्हणालात, म्हणून नुसतं अण्णाच लिहिते. धुळे तालुक्यातल्या गायी-म्हशींना कृत्रिम रेतन करण्यात तुमची हयात गेली. माझ्या पीएचडीशी तुमचा काय संबंध? तरी मे महिन्यातल्या त्या रात्री लाइट गेली, जनरेटरही बंद पडला, उणे 80 अंशांचं फ्रीजर तापायला लागलं, आणि मी फोन केला. "काय व्हयनं, ताई?" एवढंच विचारून तुम्ही रेतनाच्या वीर्यासाठीचा द्रव नायट्रोजनचा कॅन मोटारसायकलला बांधून हजर झालात.

त्या नळ्यांत काय आहे, हे तुम्ही विचारलंही नाही. आज सांगते. उंदरांच्या मेंदूचे तुकडे होते. भांगेतल्या द्रव्यांसारखं काम करणारी द्रव्यं मेंदू स्वतःच बनवतो. त्यातलं आनंदामाइड 1992 मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळं काढलं गेलं. दुसरं 2-एजी, ते 1995 मध्ये सापडलं. वेदना, भूक, स्मरणशक्ती, सगळीकडे त्यांचा हात. ही द्रव्यं मोजणं हेच माझं काम. पण मेंदू ती लागतील तशी बनवतो आणि एन्झाइम (शरीरातली रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) ती लगेच मोडतात. प्राणी मेल्यावरही हे थांबत नाही: आनंदामाइड वाढत जातं, 2-एजी बदलत राहतं. नमुना वितळला की मशीन कितीही भारी असो, आकड्याला अर्थ उरत नाही.

म्हणून तुमचा कॅन. आल्या आल्या तुम्ही काळी पट्टी आत बुडवली, बाहेर काढून हवेत हलवली आणि पांढरा बर्फ कुठवर धरला ते टॉर्चच्या उजेडात पाहिलंत. "सकाळपर्यंत पुरेल." मी झाकण घट्ट दाबायला गेले, तर हात धरलात: नायट्रोजन उडतो, त्याला वाट हवी. खोलीच्या खिडक्याही उघडायला लावल्यात. उणे 196 अंशांचा हा व्यवहार तुमच्याइतका सहज कुणी शिकवला नव्हता.

पुढचं काम पुण्यातल्या लॅबमध्ये झालं. नमुन्यात आठ ड्युटेरियमवालं (ड्युटेरियम म्हणजे जड हायड्रोजन) जड आनंदामाइड मोजून घातलं. साधं आणि जड, दोन्ही कॉलममधून, म्हणजे द्रव्यं वेगळी करणाऱ्या नळीतून, जवळपास एकाच वेळी बाहेर पडतात. मशीन वजनावरून साध्याला 348 वर ओळखतं, जडाला 356 वर. त्या दोघांच्या गुणोत्तरावरून मूळ प्रमाण कळतं. 2-एजी जास्त हट्टी. हलगर्जीपणा झाला की त्याचं 1-एजी हे जुळं रूप होतं, आणि दोघांचं वजन सारखंच, त्यामुळे त्यांना वेगळं करायचं ते कॉलमनेच. ग्राफवर दोन्ही शिखरं सुटी दिसली आणि 1-एजीचं अगदी ठेंगणं होतं, तेव्हा शेजारच्या सरांनी विचारलं, "सॅम्पल कुणी सांभाळली?"

अण्णा, मी तुमचं नाव सांगितलं. तेवढ्यापुरती माफी द्या. मनापासून आभार.

तुमची,
धुळ्याची ताई