सूचना : मुलांच्या छळाची तक्रार दडपू नये
सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आपल्या संगीतवर्गातील एखाद्या मुलाने लैंगिक छळाविषयी काही सांगितल्यास ते प्रकरण आपसात मिटवण्याचा अधिकार कार्यकारिणीसह कुणालाही नाही. पॉक्सो कायदा (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा), 2012 च्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक असून, हाताखालच्या व्यक्तीचा असा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखास कलम 21 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मडगावात अनाथाश्रमाच्या आडून मुलांचे शोषण करणाऱ्या फ्रेडी पीट्सला 1996 साली जन्मठेप झाली, 2003 साली गोव्याने स्वतंत्र बाल कायदाही केला. तरी ‘संस्थेचे नाव जाईल’ ही सबब आजही ऐकू येते, हे क्लेशदायक आहे. मुलाची उलटतपासणी करू नये, त्याचे नाव ग्रुपवर टाकू नये. 1098 या बाल मदतवाहिनीवर किंवा पोलीस स्थानकात त्वरित कळवावे.