बुचाची फांदी आणि तुमचा फ्लेक्स

मा. महोदय,

स. न. वि. वि.

नाव मुद्दाम घालत नाही. ते परवाच्या फ्लेक्सवर तीन ठिकाणी आहे, फोटोसकट.

5 जूनला आपण पर्यावरण दिनासाठी आमच्या वाचनालयात आलात, आभारी आहोत. वेळ दहाची होती, आपण पावणेएकला आलात. कामाची माणसं, चालायचंच. तोवर आमचं सगळं उरकलं होतं, म्हणून सांगते. बालविभागाच्या मुलांनी पानांवरून झाडं ओळखली. कांचनाचं पान बघून एक पोरगा "आपटा, आपटा" करत नाचायला लागला. शेवटी दोन्ही पानं शेजारी ठेवून दाखवावी लागली. दोघी सभासद घरचं शिवणयंत्र रिक्षात घालून घेऊन आल्या आणि जुन्या साड्यांच्या 34 पिशव्या शिवून झाल्या. घोसाळी, वाल, अंबाडीच्या बियांची देवघेव केली, पुस्तकांसारखी रजिस्टरात नोंदवून. पीक आलं की बी परत करायचं. खर्च 640 रुपये, त्यातले 200 चहाचे.

आता मुद्द्याचं. आदल्या संध्याकाळी मी कुलूप लावत होते, तर दोन माणसं शिडी घेऊन हजर. बघता बघता दारातल्या बुचाची खालची फांदी कोयत्याने उतरवली. का, तर रस्त्यावरून फ्लेक्स दिसत नाही. फ्लेक्सवर काय होतं ते आपल्याला ठाऊक असेलच: "झाडे लावा, झाडे जगवा."

त्या फांदीखाली मुली पडलेली फुलं वेचतात आणि लांब देठं एकमेकांत गुंफून बिनदोऱ्याची वेणी करतात. बुच मूळचा ब्रह्मदेशाकडचा, देशी झाडंवाले नाक मुरडतील. मुरडोत. आमच्या दारात सावली त्याचीच आहे. राज्याच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हेसुद्धा झाड तोडण्यातच धरलंय. आमच्या सोसायटीत खिडकीत शिरलेली फांदी छाटायची होती, तेव्हा अर्ज, पाहणी, परत अर्ज यात सात महिने गेले. तुमच्या माणसांना सात मिनिटंही लागली नाहीत.

आणि तो नळ? मागच्या 5 जूनला माईकवरून "पंधरा दिवसांत आवारात नळ" म्हणालात, टाळ्याही घेतल्यात. तुम्ही लावलेल्या करंजाच्या रोपाला मार्चपर्यंत मी पाणी घातलं, दुसऱ्या मजल्याच्या मोरीतून बादल्या उतरवून, रोज दोन. माझ्या गुडघ्यातलं वंगण संपलंय असं डॉक्टर म्हणतात. गुरुवारी पाणी बंद असलं की आदल्या दिवशी घरी भरून ठेवलेला पाच लिटरचा कॅन घेऊन पीएमटीच्या बसने यायचे. कंडक्टर विचारायचा, "मावशी, गंगा घेऊन निघालात का?" मार्चअखेरीला जिन्यात पाय घसरला, तीन आठवडे घरी पडून होते. परत आले तेव्हा खड्ड्यात काडी उभी होती. परवा त्याच खड्ड्यात आपण नवीन रोप लावलंत. फोटो छान आलाय.

तुमच्या मंडळींसाठी पाण्याच्या बाटल्यांचे खोके आले होते. रिकाम्या बाटल्या मी गोळा केल्या, 140 भरल्या, पाचदहा इकडेतिकडे. 2018 साली याच दिवसाचा जागतिक यजमान भारत होता, विषय प्लास्टिक प्रदूषण. त्याच वर्षी राज्यात प्लास्टिकबंदी आली. ती भाजीवालीपुरती होती, हे आम्हाला उशिरा कळलं.

19 वर्षं मी देवघेव काउंटरवर बसते. पगार सांगितला तर तुमच्या ड्रायव्हरला हसू येईल. ग्रंथालयांना सरकारी अनुदान देणारा कायदा 1967 चा. दहा वर्षं वाट पाहायला लावून 2022 साली अनुदान 60 टक्क्यांनी वाढवलंत, त्याचे फ्लेक्सही लागले. पण 60 टक्के कशावर, ते कोण बघतो? त्यातलं निम्मं पगाराला, उरलेल्यात पुस्तकं, वीजबिल, भाडं, झाडू. हप्ता लांबला की आम्ही किराणावाल्याकडे तोंड लपवून जातो. असो. नाही, असो तरी किती वेळा म्हणायचं? नदीकाठ सुधारायचा म्हणून झाडं जातात, पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून रस्ता काढायचा घाट घालता, आणि विचारलं की पुनर्रोपण करू म्हणता. त्या रोपांना बादली कोण नेतंय, साहेब? तिथेही माझ्यासारखीच कुणी मावशी ठेवलीय का?

मागणी एकच आहे. एक नळ, अर्ध्या इंचाचा. आमच्या प्लंबरने पाइप धरून साडेचार हजार सांगितलेत. फ्लेक्सला किती गेले ते आपण बघा. पुढच्या वर्षी आलात तर दहाला या, बियांची नोंद करायला माणूस कमी पडतो.

फ्लेक्स परत न्यायला तुमची माणसं दोनदा येऊन गेली. तो मिळणार नाही. कादंबऱ्यांच्या कपाटावर छत गळतं, तिथे गच्चीत विटा ठेवून अंथरलाय. पाऊस सुरू झालाय.

आपली,
देवघेव काउंटरवरची मावशी