‘पान रिफ्रेश करत राहा’ हा सल्ला आता थांबवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकाल किंवा मतमोजणीच्या दिवशी एखादे संकेतस्थळ कोलमडले की ‘एकाच वेळी खूप लोक आले’ हे कारण पुढे केले जाते. वेब सर्व्हर सांभाळणे हेच माझे काम असल्याने हे कारण अर्धेच आहे, असे सांगावेसे वाटते. १ लाख वाचकांची पाने दर ५ सेकंदांनी ‘काही नवीन आहे का?’ असे विचारू लागली, तर सर्व्हरवर सेकंदाला २० हजार विनंत्या येतात, आणि बहुतेकींचे उत्तर ‘नाही’ एवढेच असते. हा भार आपण ओढवून घेतलेला आहे.

त्यावरचा उपाय जुनाच आहे: सर्व्हर-सेंट इव्हेंट्स. ब्राउझर एकदाच जोडणी करतो, सर्व्हर ती उघडी ठेवतो आणि सांगण्यासारखे काही घडले तरच साध्या मजकुराच्या चार ओळी पाठवतो. गप्पा किंवा खेळ यांत दोन्हीकडून सतत बोलणे चालते, तिथे वेबसॉकेट, म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलता येणारी जोडणी, हवेच. धावफलकाला मात्र फक्त सांगायचे असते. मला सर्वांत मोलाची वाटते ती या पद्धतीतली एक छोटी सोय. प्रत्येक नोंदीला क्रमांक देता येतो. बोगद्यात शिरल्यावर मोबाइलची जोडणी तुटली, तर ब्राउझर आपणहून पुन्हा जोडणी करतो आणि शेवटी मिळालेला क्रमांक सर्व्हरला कळवतो. मधल्या नोंदी जपून ठेवल्या असतील, तर सर्व्हर तिथूनच पुढे सांगू लागतो.

अडचणी आहेत. वाटेतला प्रॉक्सी, म्हणजे सर्व्हर आणि ब्राउझर यांच्यामधला मध्यस्थ सर्व्हर, मजकूर साठवून ठेवतो, मग सगळ्या नोंदी एकदम येऊन आदळतात. त्या मार्गावर साठवण बंद करावी लागते. एचटीटीपी, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या संवादाचे नियम, यांच्या १.१ आवृत्तीत ब्राउझर एका सर्व्हरशी साधारण ६ जोडण्याच ठेवतो, त्यामुळे सातवा टॅब अडकतो. एचटीटीपी/२ ही पुढची आवृत्ती वापरली की हा प्रश्न उरत नाही. एवढ्यासाठी लाखो लोकांना बटण दाबत बसवणे मला पटत नाही.

आणखी एक आग्रह. जोडणी तुटली असेल, तर पानावर तसे स्पष्ट लिहावे आणि आकडा किती वाजताचा आहे तेही द्यावे. शिळा आकडा ‘लाइव्ह’ या लाल पट्टीखाली दाखवणे ही वाचकाची फसवणूक आहे. आपल्या संकेतस्थळावर थेट आकडे देताना याची सुरुवात व्हावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक