पानांचा रस विकणाऱ्यांनी मात्राही सांगावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकमधील जॉगिंग ट्रॅकच्या तोंडाशी सकाळी कडुनिंब, कारले, गुळवेल यांच्या रसांच्या गाड्या लागतात. अशा एका गाडीवर सदाफुलीच्या पानांचा रस ‘शुगर मुळासकट घालवतो’ या पाटीसह विकला जात असल्याचे पाहून हे पत्र लिहीत आहे.

सदाफुलीच्या पानांत औषध आहे, आणि काळजीचे कारणही तेच आहे. मधुमेहावरील लौकिक ऐकूनच १९५० च्या दशकात कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी या पानांचा अर्क प्राण्यांवर तपासला, तेव्हा साखरेपेक्षा रक्तातील पांढऱ्या पेशीच घटलेल्या दिसल्या आणि त्यातून विनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध हाती आले. ते आजही शिरेतून, रक्ताच्या तपासण्या करीतच दिले जाते. त्याच्या एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेला पाला लागतो, त्यामुळे चार पानांत त्याचा अंश नगण्य असतो हे मान्य. परंतु पेलाभर रस, तोही रोज आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना, किती घ्यावा हे गाडीवाला कशाच्या आधारे ठरवतो?

अडुळसा तर घरोघरचा. खोकल्यावरील ब्रोमहेक्झिन हे औषध त्याच्याच पानांतील वासिसिन या घटकावरून घडवले गेले. पण वासिसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावू शकते, म्हणून गर्भवतींनी तो टाळावा, हे किती घरांत ठाऊक असते? पान कसे वापरले जाते यावरही गुण ठरतो. एका चिनी वनस्पतीच्या पानांतील आर्टेमिसिनिन हे हिवतापावरील औषध नेहमीच्या काढ्यात उष्णतेने वाया जात होते. चिनी संशोधक तू योयो यांनी कमी तापमानाला ईथरने अर्क काढला, तेव्हा ते हाती लागले आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने निषिद्ध आहे, तेव्हा अन्न व औषध प्रशासनाने अशा पाट्यांची दखल घ्यावी. गाड्या बंद कराव्यात असे मला मुळीच वाटत नाही. प्रत्येक रसाच्या भांड्यावर वनस्पतीचे नाव, रसाची मात्रा आणि तो कोणी घेऊ नये एवढे ठळक मराठीत लिहिणे सक्तीचे करावे. हा मजकूर तयार करण्यासाठी आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे. तेथील आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक अशा दोन्ही शाखांच्या जाणकारांनी तो एकत्र बसून करावा, ही विनंती.

आपला,
औषधनिर्माणशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, पंचवटी, नाशिक